टायफॉइडची लस: जुनी व्हीआय की टीसीव्ही?

भारतात असाल आणि टीसीव्ही (टायफॉइड कॉन्जुगेट व्हॅक्सिन, म्हणजे प्रथिनाला जोडलेली नवी लस) मिळत असेल, तर फार खल करू नका, तीच घ्या. अडचण अमेरिकेतून सुट्टीला येणाऱ्यांची. तिथे टीसीव्हीला परवानाच नाही.

दोन्ही इंजेक्शनांत मूळ घटक एकच, जिवाणूच्या व्हीआय कवचातली शर्करा, नेहमीच्या डोसात २५ मायक्रोग्रॅम. जुन्या लशीत ती नुसतीच असते. दोन वर्षांखालचं मूल तिला नीट दाद देत नाही आणि मोठ्यांतही प्रतिकारशक्तीची स्मृती तयार होत नाही. म्हणून दर तीन वर्षांनी (अमेरिकेत दोन) पुन्हा टोचायचं. तीन वर्षांचं एकत्रित संरक्षण जेमतेम ५५ टक्क्यांच्या घरात. टीसीव्हीत हीच शर्करा एखाद्या प्रथिनाला जोडतात, बहुतेकदा धनुर्वाताच्या टॉक्सॉइडला (निष्प्रभ केलेल्या विषाला). या प्रथिनामुळे प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी कामाला लागतात, त्यामुळे सहा महिन्यांच्या बाळालाही एक डोस देता येतो. मलावीतल्या मुलांमध्ये चार वर्षांनंतरही ७८ टक्के संरक्षण दिसलं.

सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ पासून पसरलेल्या टायफॉइड जिवाणूच्या स्ट्रेनवर (प्रकारावर) सेफ्ट्रिॲक्सोन हे इंजेक्शनचं अँटिबायोटिकही चालेना. तोंडाने घेण्याजोगं ॲझिथ्रोमायसिन तेवढं उरलं. पण औषध निकामी करणारी जनुकं बदलली तरी कवच तेच, म्हणून लस लागू पडते. पाकिस्तानने २०१९ मध्ये टीसीव्ही राष्ट्रीय लसीकरणात आणली. नवी मुंबई महापालिकेने त्याआधीच, २०१८ मध्ये, ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांसाठी मोहीम सुरू केली होती.

दोन्हींची मोठी उणीव सारखीच. पॅराटायफॉइड ए या टायफॉइडसारख्याच तापाच्या जिवाणूला हे कवच नसतं, त्यामुळे त्याच्यापुढे दोन्ही लशी निरुपयोगी. लस घेतलेल्या मुलाचा ताप चार दिवस उतरला नाही, तर ‘लस झालीय’ म्हणून टायफॉइड बाद करू नका. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर (रक्तातले जिवाणू वाढवून पाहणारी तपासणी) घ्या. विडाल या रक्ततपासणीवर विसंबू नका.

साठवण २ ते ८ अंशांत. फ्रीजरला चिकटून गोठलेली कुपी वितळली तरी फेकायचीच.

कॅप्सूलमधली जिवंत लस सहा वर्षांवरच्यांसाठी होती. तिचं उत्पादन २०२४ अखेर थांबलं.

अमेरिकेतून येताना दोन वर्षांवरच्यांनी निदान दोन आठवडे आधी जुनी व्हीआय घ्यावी. त्याहून लहान बाळासाठी तिथे काहीच नाही. इथे उतरल्यावर बालरोगतज्ज्ञांकडून टीसीव्ही द्या, पण परिणाम दिसायला दोनेक आठवडे जातात. तोवर पाणी उकळलेलंच, आणि बाहेरचा बर्फ, कुल्फी, उसाचा रस बंद.