बावीस यार्ड काँक्रीट लागतं, सोळाच आलं

न्यू जर्सीत मागच्या अंगणात बास्केटबॉल खेळायला टाइलचं कोर्ट करून घेणार असाल, तर हे वाचून मग सही करा. आमचे ३४,४०० डॉलर गेले. पोट सॉफ्टवेअरवर भरतो, पण पदवी सिव्हिलची आहे, आणि हे लिहिताना लाज वाटते.

करार ३४,८०० चा. सहीबरोबर १३,९२०, स्लॅब पडल्यावर १५,६६० आणि टाइल बसल्यावर ५,२२०. शेवटचा हप्ता रोख दिला तर ४०० सूट, म्हणून ४,८२० रोख मोजले. रोखीला सूट कशासाठी देतात ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं.

कोर्ट ३० बाय ६० फुटांचं. वरच्या रंगीत प्लॅस्टिकच्या टाइलवर भुलू नका, पैसे खाली मुरतात. इथल्या थंडीत टिकायचं तर माती काढून ६ इंच खडी, दोन थरांत, प्रत्येक थरावर मशीनने धुम्मस. त्यावर ४ इंच काँक्रीट, ४,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) ताकदीचं, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत आणि मिश्रणात मुद्दाम धरलेली हवा साधारण ६ टक्के. गोठणारं पाणी फुगतं, त्याला शिरायला हे बारीक बुडबुडे लागतात. ते नसले की पहिल्याच हिवाळ्यात पापुद्रे सुटतात. सळया १८ इंचांवर, खाली ठोकळे देऊन उचललेल्या. जमिनीवर लोळणाऱ्या सळईचा उपयोग शून्य. दर १० फुटांवर १ इंच खोल काप, आणि उतार दहा फुटांना एक इंच, एकाच बाजूला.

आता ज्याची लाज वाटते तो भागाकार. १,८०० चौरस फूट, ४ इंच जाडी, म्हणजे ६०० घनफूट. २७ ने भागा, २२.२ घनयार्ड. नासधूस धरून २४ मागवायचे. एका गाडीत आठ-दहा यार्ड मावतात, म्हणजे तीन गाड्या हव्यात. २८ नोव्हेंबरला दोन आल्या. मी वरच्या खिडकीत, कानात मीटिंग. खाली ड्रायव्हरने मिक्सरमध्ये पाणी वाढवलं, माल सूपासारखा पळायला लागला, तेही दिसलं. दुसरी गाडी पन्हळ धुऊन निघाली आणि मुकादमाने दोन्ही गाड्यांची मालाची चलनं हातात दिली. एकावर ८.० यार्ड, दुसऱ्यावर ८.०. वाढवलेल्या पाण्याचा रकाना कोरा, हवेचा रकानाही कोरा. मी ती फ्रिजवर चुंबकाखाली लावली! सोळा यार्डांत जेमतेम २.९ इंच होतात. चौथीतलं पोर सांगेल. अर्धा मिनिट लागला असता आणि १५,६६० चा चेक माझ्याच खिशात होता.

माझी बाजूही ऐका. साचा ४ इंचांचाच होता, मीच टेपने मोजला होता. फसवणूक मधे होती. कडेला पूर्ण जाडी, आत खडी वर चढवलेली. साचा मोजू नका, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत दोरी ताणून दोरीपासून खडीपर्यंत मोजा, दहा ठिकाणी.

त्या रात्री पारा २४ फॅरनहाइटला, म्हणजे गोठणबिंदूच्याही खाली गेला. ४० च्या खाली गेलं की काँक्रीटला थंडीचे नियम लागतात. गोठलेल्या जमिनीवर ओतायचं नाही, वर इन्सुलेटेड ब्लँकेट, आणि ५०० पीएसआय ताकद येईपर्यंत गोठू द्यायचं नाही. आमच्याकडे निळी ताडपत्री, तीही वाऱ्याने उडालेली. नोव्हेंबरच्या शेवटी 'स्लॉट आहे, घाई करा' म्हणणाऱ्याला दाराबाहेर काढा.

फेब्रुवारीत मधे उंचवटा आला. खडीत पाणी साचलं, खाली गाळमाती, तिच्यात बर्फाचे पापुद्रे धरले आणि २.९ इंचांचा स्लॅब पापडासारखा उचलला. हुपचा खांब झुकला, कारण खड्डा १८ इंचांचा. आमच्या भागात फ्रॉस्ट लाइन, म्हणजे जमीन जिथवर गोठते ती खोली, ३६ इंच धरतात. जुलैत दुसरा हिशेब. टाइल पॉलिप्रॉपिलीनच्या, त्या उन्हात पसरतात. ६० फुटांत ५० सेल्सियसचा फरक पडला तर साडेतीन इंच. सांध्यांतली ढील थोडं पोटात घेते, बाकीला कडेला मोकळी जागा लागते. यांनी डिसेंबरच्या गारठ्यात चारही कडा स्क्रूने जखडल्या. मधली रांग तंबूसारखी उभी राहिली.

कंत्राटदार म्हणाला, 'वॉरंटी टाइलवर आहे, जमिनीवर नाही.' करारात बारीक अक्षरात तसंच होतं.

मग सरकारी दारं. टाऊनशिप म्हणाली, काँक्रीटची जाडी तपासणं आमच्याकडे येत नाही. पण प्लॉटवर किती जमीन झाकली याची मर्यादा ओलांडली म्हणून नोटीस मात्र आम्हालाच! 'टाइलला परवानगी लागत नाही' हे कंत्राटदाराचं वाक्य मी खरं मानलं होतं. झोनिंगचा कागद स्वतः जाऊन आणा. दुसऱ्या एका खात्याने ऑनलाइन फॉर्म भरून घेतला, पाच महिन्यांनी पत्र, 'आपली तक्रार संबंधितांना कळवली आहे.' कळवली! कंत्राटदाराला ती मीच रोज फोनवर कळवत होतो. पोलीस म्हणाले, दिवाणी बाब. न्यायालयाच्या स्पेशल सिव्हिल पार्टची, म्हणजे लहान रकमेच्या दाव्यांच्या विभागाची, मर्यादा २०,००० डॉलर, आपला आकडा त्यावर, म्हणजे वरचं कोर्ट आणि वकील. वकिलाने नुसत्या सुरुवातीला ५,००० मागितले. ग्राहक फसवणूक कायद्यात तिप्पट भरपाई आहे, पण वसूल कोणाकडून करणार? कंपनीचं नाव बदललंय, ट्रक तोच आहे.

कंत्राटदाराचा नोंदणी क्रमांक १३व्हीएच (13VH) ने सुरू होतो, तो राज्याच्या यादीत स्वतः टाकून बघा. विम्याचा कागद थेट विमा कंपनीकडून मागवा. ५०० डॉलरच्या वरचं काम लेखी हवं, सही झालेल्या कराराची प्रत मिळाल्यावर तीन कामकाजी दिवसांत रद्द करता येतं. चलनांवरचे यार्ड जुळल्याशिवाय दुसरा हप्ता नाही.

ज्यांचं कोर्ट धड आहे त्यांनी बर्फ प्लॅस्टिकच्या फावड्याने किंवा रबरी पात्याच्या मशीनने काढावा. लोखंडी पातं टाइल एकमेकींत अडकवणारे कान तोडतं, आणि गारठ्यात हे प्लॅस्टिक ठिसूळ असतं, म्हणून घट्ट बर्फावर हातोडी नको. पहिल्या हिवाळ्यात मीठ टाकू नका, टाइलला काही होत नाही पण खालचं कोवळं काँक्रीट सोलतं. ऑक्टोबरमध्ये दोन-चार रांगा उचलून कुजलेली पानं पाइपने धुऊन काढा, नाहीतर तोच लगदा पाणी धरून गोठतो.

आमच्या टाइल आता गॅरेजमध्ये रचल्यात, कान तुटलेल्या १३७ बाजूला काढून. स्लॅब फोडून उचलायचे ७,२०० सांगितलेत.