निपाणीतला रविवारचा पाली वर्ग : एका जैन बाईचा अभिप्राय

आमचं घर दिगंबर जैन. बौद्ध विहारातल्या पाली वर्गात, म्हणजे जुन्या बौद्ध ग्रंथांच्या भाषेच्या वर्गात, नाव घातलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आपल्या तीर्थंकरांविषयी तिथं काय बोलतात ते नीट ऐक." ते ऐकलं, म्हणूनच लिहितेय.

सुरुवातीला धम्मपदातल्या गाथा होतात. वर्गाचा खरा कस लागला तो मज्झिम निकायातल्या, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांच्या पाली संग्रहातल्या, उपाली सुत्ताला. नालंदेचा उपाली गृहपती, निग्गंठांचा म्हणजे आपल्या मुनींचा भक्त. कायेचं कर्म भारी की मनाचं, यावर वाद घालायला तो बुद्धांकडे जातो आणि त्यांनाच शरण जातो. बुद्ध आधी त्याला बजावतात, तुझ्यासारख्या नामांकित माणसानं पूर्ण विचार करावा. मग सांगतात, तुझं घर निग्गंठांना पाणवठ्यासारखं आहे. ते दारी आले तर भिक्षा द्यायची थांबवू नकोस. हे ऐकून मला भरून आलं.

शेवट मात्र झोंबतो. उपालीनं केलेली बुद्धांची स्तुती नातपुत्तांना, म्हणजे महावीरांना, सोसत नाही. तोंडातून गरम रक्त येतं. सरांनी तो भाग गाळला नाही. हे एका बाजूनं जपलेलं आहे, आता दुसरी बाजू वाचू, म्हणाले आणि सूत्रकृतांग या जैन आगमातला आर्द्रककुमाराचा वाद काढला. तिथं काया-मनाच्या याच मुद्द्यावर बौद्धांची खिल्ली उडवलीय! हे आगम आम्ही दिगंबर प्रमाण मानत नाही, तरी दोन्ही पानं शेजारी ठेवून झालेली ती चर्चा मला सर्वधर्मसमभावाच्या कुठल्याही भाषणापेक्षा मोलाची वाटते. कुणी आवाज चढवला नाही, कुणी गप्पही बसलं नाही.

बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी सरांच्या बोलण्यात वारंवार येतात. पालीसाठी हा गोव्याचा माणूस सिंहलद्वीपला, म्हणजे श्रीलंकेला, गेला, गुजरात विद्यापीठात जैन पंडितांच्या सोबतीनं राहिला, पार्श्वनाथांच्या चातुर्यामावर, म्हणजे चार व्रतांवर, मराठीत पुस्तक लिहिलं आणि १९४७ साली सेवाग्रामला अन्नत्याग करून देह ठेवला. आमच्यात सल्लेखना म्हणतात, तीच वाट.

उणिवाही आहेत. झेरॉक्सची अक्षरं फार बारीक. विभक्ती भराभर उरकतात. सर कन्नडमधूनही समजावतात, पण टिपणं फक्त मराठीत, त्यामुळं कन्नड शाळेतल्या मुली मागं पडतात. त्यांच्यासाठी कन्नड टिपणं हवीतच.

फी नाही, देणगीपेटी आहे. चिकोडी, संकेश्वरकडून येणाऱ्यांनी सकाळची लवकरची एसटी धरावी, वर्ग वेळेवर सुरू होतो. देवनागरी वाचता आली की पुरे, बाकी तिथं शिकवतात.