मिल्कशेक: चिकूचा की द्राक्षाचा?

फेब्रुवारी-मार्चात निफाड-दिंडोरीची द्राक्षं नाशिकच्या बाजारात ढिगानं येतात, त्यामुळे त्यांचा मिल्कशेक करावासा वाटतोच. पण दुधाशी खरी गट्टी चिकूची. दोन पूर्ण पिकलेले चिकू सोला, बिया काढा आणि २०० मिली तापवून गार केलेल्या दुधात ४० सेकंद फिरवा. साखर बहुधा लागतच नाही. कच्चट चिकू मात्र नको, टॅनिनमुळे घसा तुरट होतो.

द्राक्षात टार्टरिक आम्ल असतं, त्यानं दूध नासतं. कोमट असेल तर फारच पटकन. करायचाच असेल तर १५-२० गोड, बिनबियांची द्राक्षं वाटून गाळा, रस गार करा, बर्फगार दुधात शेवटी मिसळा आणि लगेच प्या. काळ्या द्राक्षांची सालही तुरट, म्हणून गाळणं चुकवू नका.