ऑटोप्ले की स्वतःची प्लेलिस्ट?

भाचा रोज फोंड्याहून पणजीला बसने जातो, विचारत होता मामा गाणी ऑटोप्लेवर सोडू की प्लेलिस्ट करू. मेहनत ऑटोप्लेला काहीच नाही, प्लेलिस्टला एक रविवार जातो. डेटा म्हणशील तर घरी वायफायवर डाउनलोड केलेली प्लेलिस्ट बरी. पण खरा फरक नवीन काय मिळतं त्यात आहे, ऑटोप्लेत ॲपचा अल्गोरिदम तू काय स्किप केलंस आणि तुझ्यासारखे बाकीचे काय ऐकतात ते बघून पुढचं देतो, म्हणून कमी ऐकलं जाणारं मागेच राहतं. आपल्या गोव्यातल्या केरीच्या शास्त्रीय गायिका केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानावरून अंतराळात गेला, माझ्या फोनवर मात्र आपणहून कधीच आला नाही, याचं खूप वाईट वाटतं. बसमध्ये नुसता वेळ घालवायला ऑटोप्ले चालेल, कान तयार करायचाय तर प्लेलिस्टच कर, सुरुवात गायक जितेंद्र अभिषेकीबुवांपासून.