एचवाय-८० प्लेट: ताकदीला पूर्ण गुण, वेल्डिंगला मात्र लाड फार

पाणबुडीच्या हलसाठी (बाहेरच्या सांगाड्यासाठी) कुठलंही नवं पोलाद आलं की तुलना अजून एचवाय-८०शीच होते. अमेरिकी नौदलाची ही १९५०च्या दशकातली प्लेट. यील्ड (ज्या ताणाला पोलाद कायमचं वाकू लागतं तो) किमान ५५० मेगापास्कल, निकेल २ ते ३.२५ टक्के, जोडीला क्रोमियम आणि मॉलिब्डेनम, क्वेंच करून (तापवून झटकन थंड करून) टेम्पर केलेली (पुन्हा बेताने तापवलेली). चार्पी चाचणी (खाचेच्या तुकड्यावर हातोड्याचा घाव घालून चिवटपणा मोजणारी) उणे ८४ अंश सेल्सियसला घेतात, तिथेही ती ठिसूळपणे तुटत नाही.

गुण जातात ते वेल्डिंगमध्ये. कार्बन ०.१८ टक्क्यांपर्यंत, त्यात एवढी मिश्रद्रव्यं, त्यामुळे वेल्डलगतचा पट्टा झपकन थंड झाला की मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाची कडक पण ठिसूळ रचना, तयार होतं. वेल्डिंग रॉडच्या कोटिंगमधल्या ओलाव्याचा हायड्रोजन त्यात शिरला की भेग पडते, आणि तीही कधी दोन दिवसांनी. म्हणून जोड संध्याकाळी तपासून सकाळी पास करू नका, निदान ४८ तास थांबा.

सुमारे २९ मिमीपेक्षा जाड प्लेटला ९३ अंश प्रीहीट (वेल्डआधी तापवणं) हवं, वेल्डच्या दोन पासांमध्ये (थरांमध्ये) तापमान १५० च्या वर नको. जास्त तापवलं तर भेगा टळतील, पण जोड सावकाश थंड होऊन चिवटपणा जाईल. १३ मिमी आणि त्याहून जाड प्लेटला उष्णता जोडाच्या प्रति मिमी लांबीला २.२ किलोज्यूलच्या आत ठेवा: रुंद झोके नकोत, सरळ बारीक बीड (वेल्डची रेघ) घाला. या पोलादाचा ११०१८-एम रॉड सुकवण्याच्या ओव्हनमधून काढल्यावर अर्ध्या तासात संपवा. कोटिंग ओलावा रोखणारं असेल तरच जास्त मुभा. शर्टाच्या खिशात रॉड ठेवणाऱ्याला या कामावर घेऊच नये.

प्रीहीटचा हा खर्च वाचवायला एचएसएलए-८० हे कमी कार्बनचं पोलाद आलं, १९८४ मध्ये जहाजांसाठी मंजूर झालं. कार्बन ०.०७ टक्क्यांच्या आत, ताकद तांब्याच्या सूक्ष्म कणांतून. प्लेट खरंच गुणी आहे. त्याहून ताकदवान एचएसएलए-१०० मध्ये मात्र गोम आहे: प्लेटला प्रीहीट फारसं लागत नाही, पण तेवढ्या ताकदीचा वेल्ड मेटल मिश्रद्रव्यांनी भरलेलाच राहतो. म्हणजे भेगेचा धोका प्लेटमधून निघून वेल्डमध्ये जातो. तेव्हा प्लेटच्या सर्टिफिकेटआधी वेल्डिंगच्या वायरचं रासायनिक पृथक्करण मागा. १९९१ मध्ये एचवाय-१०० च्या (एचवाय-८० च्या जास्त ताकदीच्या भावंडाच्या) अमेरिकी सीवुल्फ पाणबुडीत जोडांना भेगा सापडल्या, तेव्हा बोट वायरमधल्या जादा कार्बनकडेच गेलं होतं.