एअर प्युरिफायर चांगलाय, पण ऑटो मोडच्या भरवशावर राहू नका

गर्दीच्या शहरात खिडकी उघडली की रस्त्याचा धूर आत, आणि बंद ठेवली की घरात कुणाला सर्दी-ताप असेल तर त्याच्या श्वासातली हवा बाकीच्यांच्या नाकात. याच कारणाने हेपा फिल्टरवाला (म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या दाट तंतूंच्या फिल्टरचा) प्युरिफायर घेतला, बरेच महिने वापरला आणि आता लिहितोय.

धुरा-धुळीबद्दल तक्रार नाही. दारं-खिडक्या लावून फुल स्पीडला ठेवला की पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचा, आकडा भराभर उतरतो. डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये २४ तासांच्या सरासरीसाठी घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सांगितलीय, बेडरूममध्ये रात्री आकडा बहुतेक वेळा त्याच्या खालीच दिसतो.

व्हायरस इतका बारीक की फिल्टरमधून निसटतो असं लोक सांगतात, ते खरं नाही. हेपा चाळणीसारखा चालत नाही. त्याला सगळ्यात अवघड जातात ते ०.३ मायक्रॉनच्या आसपासचे कण, त्याहून बारीक कण हवेत भरकटत जाऊन तंतूंना चिकटतात आणि मोठे थेट आदळतात. शिवाय व्हायरस सहसा सुटा नसतो, बोलताना-खोकताना उडणाऱ्या बारीक थेंबांतून येतो.

आता खरी तक्रार. याचा सेन्सर धूळ मोजतो, माणसं आणि जंतू नाही. हवा स्वच्छ दिसली की ऑटो मोड पंखा एकदम हळू करतो, मग खोलीत पाच-सहा जण बसलेले असोत आणि त्यातला एक सारखा खोकत असो. गोवराचा विषाणू तर आजारी माणूस निघून गेल्यावरही २ तासांपर्यंत हवेत राहू शकतो, आणि इथे हिरवा दिवा बघून आपण निश्चिंत! कंपनीने हे मॅन्युअलमध्ये ठळक लिहायला हवं होतं, कुठेच नाहीये. म्हणून पाहुणे असले किंवा घरात कुणी आजारी असलं तर हाताने स्पीड वाढवा, आवाज होतो पण सहन करा.

घेताना सीएडीआर, म्हणजे मशीन तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा बघा, बाकी जाहिरात सोडा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये तासाला निदान ५ वेळा हवा बदलण्याएवढी स्वच्छ हवा मिळावी असं सांगितलं. १२ चौरस मीटर खोली आणि ३ मीटर उंची म्हणजे ३६ घनमीटर, गुणिले ५ म्हणजे सीएडीआर तासाला निदान १८० घनमीटर लागतो. आणि बॉक्सवरचा आकडा फुल स्पीडचा असतो, स्लीप मोडला तो खूपच कमी होतो, त्यामुळे एक साइज मोठाच घ्या. आयोनायझरचं (हवेत विद्युतभारित कण सोडणाऱ्या सोयीचं) बटण मी बंदच ठेवतो, काही आयोनायझर ओझोन सोडतात आणि तो फुफ्फुसांना त्रासदायक.

घरात लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तर मी नक्की घ्या म्हणेन, कारण प्रदूषणाने श्वासनलिकेतले कफ बाहेर ढकलणारे बारीक केस आणि फुफ्फुसातल्या जंतू गिळणाऱ्या पेशी दोन्ही कमजोर पडतात, म्हणजे धूर जास्त असतो तेव्हाच इन्फेक्शन रोखायची ताकद कमी असते.

कार्बन डायऑक्साइड मात्र यातून जात नाही, त्यामुळे बाहेरची हवा जरा बरी असेल त्या वेळी खिडकी उघडायचीच.

५ पैकी ४ स्टार, एक ऑटो मोडसाठी कापलाय. आणि सोफ्यामागे कोंबू नका, चारी बाजूंनी जागा सोडा.