वागण्याचा हिशेब ठेवणारे तीन गेम: पहिला कोणता घ्यावा?

कोल्हापुरात राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने बारावीची परीक्षा संपताच विचारले की, आपल्या बऱ्यावाईट वागण्याची नोंद ठेवणारा पहिला रोलप्लेइंग गेम (एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम) कोणता घ्यावा. ही नोंद नेमकी कोण ठेवतो, एवढे पाहिले तरी निवड सोपी होते, असे माझे मत आहे.

या पद्धतीचे मूळ १९७४ च्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलावरच्या खेळात आहे. तेथे सुरुवातीला सुव्यवस्था, तटस्थता आणि अराजक असे तीनच पक्ष होते. त्यांना चांगले-वाईट याची जोड देणारा नऊ घरांचा प्रसिद्ध तक्ता नंतर आला.

‘स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’ (२००३) मध्ये एकच पट्टी असून तिच्या एका टोकाला प्रकाश (चांगुलपणा) आणि दुसऱ्या टोकाला अंधार (दुष्टपणा) आहे. टोक गाठणाऱ्याला खास लाभ मिळतो आणि विरुद्ध बाजूच्या शक्ती महाग पडतात. त्यामुळे खेळाडू एकदाच बाजू ठरवतो आणि पुढे प्रसंग न पाहता त्या बाजूचे उत्तर निवडत जातो.

‘फॉलआउट: न्यू वेगास’ (२०१०) मध्ये मात्र दोन वह्या आहेत. कोणी पाहिले नाही तरी चोरी केल्यास ‘कर्म’ घटते. प्रतिष्ठा मात्र प्रत्येक गटाकडे आणि वस्तीकडे वेगळी मोजली जाते. त्यातही कीर्ती आणि अपकीर्ती स्वतंत्र साठत असल्याने दहा उपकारांनी जुना घात पुसला जात नाही. एका पेठेने खांद्यावर घेतलेला फुटबॉलपटू दुसऱ्या पेठेच्या प्रेक्षकांकडून काय ऐकतो, हे शाहू स्टेडियमवर पाहिलेल्या कोल्हापूरकराला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. कर्माचा आकडा कथेत फारसा जाणवत नाही, प्रतिष्ठेचा मात्र जागोजागी जाणवतो. ‘सीझरचे लीजन’ या गेममधील लढाऊ गटाकडे अपकीर्ती फार वाढली की त्याचे मारेकरी वाटेत गाठतात.

‘द विचर ३’ (२०१५) मध्ये आकडाच नाही. गेममधील वेलेन या प्रांतात एका टेकडीवर झाडात कोंडलेल्या आत्म्याला सोडावे की मारावे, याचे परिणाम बऱ्याच उशिरा कळतात, तोवर मागे जाण्याची सोय उरलेली नसते.

मी ‘न्यू वेगास’ सुचवला. ‘विचर’ अधिक प्रगल्भ आहे, हे भाच्याचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु त्याच्या जुन्या लॅपटॉपला तो पेलणार नाही.